पाठीतल्या स्क्रूचा कागद

मी जबलपूरचा, ओमतीत राहतो. माझ्या कमरेत चार स्क्रू, दोन रॉड आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक केज आहे. आज बोलायचंय ते एका कागदाबद्दल.

आधी एक गैरसमज काढू. स्क्रू मणके जोडतात असं आपल्याला वाटतं. पण स्लॅब ओतल्यावर खाली टेकू ठेवतात ना, तसं हे धातूचं काम. खरा जोड हाडाचा. त्याला सहा महिने ते वर्षभर लागतं. हाड जुळलं नाही, तर सगळा ताण धातूवर येतो. मग स्क्रू ढिला होतो, नाहीतर तार वाकवून वाकवून तुटते तसा रॉड तुटतो.

माझं तेच झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की निकोटिन हाड जुळू देत नाही. मी मात्र 'एखादीच बिडी' म्हणत राहिलो. आठव्या महिन्यात कुशीवर वळताना कळ यायला लागली. एक्स-रेत स्क्रूभोवती काळी कड दिसली. हाड जुळलंच नव्हतं, हे सीटी स्कॅननं सांगितलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "स्क्रू कुठल्या कंपनीचे?" मी गप्प. कंपनी बदलली की स्क्रू काढायचा पाना बदलतो. माझ्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'इम्प्लांट' लिहिलेलं. स्टिकर जुन्या फायलीत होते; ते मिळवायला बायकोनं चार चकरा मारल्या. मग जुने स्क्रू काढून जाड घातले, कमरेचं हाड घेऊन पुन्हा भरलं. बिडी तेव्हा सुटली.

म्हणून घरी जाण्याआधी इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्या. कंपनी, माप, लॉट नंबर त्यावर असतो. मोबाइलमध्ये फोटोही ठेवा. इम्प्लांटमध्ये दोष वाटला, तर २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. गाझियाबादचा भारतीय फार्माकोपिया आयोग तो चालवतो. नंबर १८००-१८०-३०२४.

जखमेतून पाणी आलं, ताप आला, तर घरच्या घरी गोळ्या घेत बसू नका. लवकर कळलं तर जखम आतून धुऊन बहुतेकदा धातू वाचवता येतो. आणि पाऊल उचलेना, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा.

माझे स्टिकर आता रेशनकार्डाच्या पाकिटात आहेत. तुमचे कुठे आहेत, ते आज घरी गेल्यावर बघा.