नौका नोहाची, तिजोरी जनतेची



अमेरिकेतील केंटकी राज्यात, विल्यम्सटाउन येथे, बायबलातील महापुराच्या कथेतील नोहाची ५१० फूट लांबीची लाकडी नौका २०१६ साली उभी राहिली. पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची असून डायनोसॉरही या नौकेत होते, असे तेथे शिकविले जाते. विज्ञान पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे सांगते.

स्वतःच्या पैशाने कोणीही आपली श्रद्धा उभारावी. तो त्याचा हक्क आहे. परंतु या उद्यानातील विक्रीकरातून दहा वर्षांत १ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत परत देण्याचे राज्याने मान्य केले होते. तेथे नोकरीसाठी संस्थेच्या धर्ममतावर सही करावी लागते, म्हणून २०१४ मध्ये राज्याने हात आखडता घेतला. जानेवारी २०१६ मध्ये संघीय न्यायालयाने निर्णय दिला, की इतर पर्यटनस्थळांना मिळणारी सवलत धर्मामुळे नाकारता येणार नाही.

खटला संपला, प्रश्न संपला काय? जो कर तिजोरीत येत नाही, त्याचा भार इतरांवर पडतो. आणि त्या इतरांत, ज्याला त्या नोकरीचे दार बंद आहे, तोही असतो.

म्हणून कोणत्याही धर्माच्या नावाने सार्वजनिक पैसा मागितला गेला, तर आपण निर्भयपणे विचारावे: हा पैसा कोणाचा, आणि दार कोणासाठी उघडे?