कढईतील तेल व आपले हृदय
(महोत्सवी स्नेहभोजनापूर्वी केलेले भाषण)



भोजनाची पाने मांडली जात असता तेलाविषयी बोलणे कित्येकांस अप्रासंगिक वाटेल. परंतु आमचा नाइलाज आहे. रावेतच्या या परिसरात कारखान्यांच्या पाळ्यांत राबणारे कर्ते पुरुष पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गेलेले आम्ही पाहिले आहेत. त्यास तेल हेच एक कारण नव्हे. तंबाखू, रक्तदाब व मधुमेह यांचाही वाटा मोठा आहे. तथापि कढई तरी आपल्या हाती आहे.

कोणते तेल चांगले, असे भगिनी आम्हांस विचारतात. शेंगदाणा, करडई, मोहरी ही आलटून पालटून वापरावीत. तूप व खोबरेल यांत संपृक्त स्निग्धांश अधिक, म्हणून ती बेताने घ्यावीत. परंतु प्रकारापेक्षा माप महत्त्वाचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० उष्मांकांच्या आहारास माणशी रोज २७ ग्रॅम तेल सांगितले आहे. म्हणजे चौघांच्या घरास महिन्यास सुमारे साडेतीन लिटर. आपल्या घरी किती डबे रिते होतात, हे ज्याने त्याने मोजावे.

१९३७ साली डालडा आला आणि घट्ट वनस्पती तूप घरोघर शिरले. तेलात हायड्रोजन मिसळून ते अर्धवट गोठविताना जी ट्रान्स चरबी उपजते, ती रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढविते व चांगले घटविते. म्हणूनच १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलांत तिचे प्रमाण शेकडा २ हून अधिक नसावे, असा नियम झाला.

दुसरा शत्रू म्हणजे वारंवार तापविलेले तेल. नाताळच्या करंज्या-चकल्यांचे उरलेले तेल गाळून पुन्हा पुन्हा तळणीस घेणे ही काटकसर नव्हे. काळवंडलेले, फेसाळणारे, धूर सोडणारे तेल टाकून द्यावे. आणि पाळी सुटल्यावर गाडीवरचा वडा घेणाऱ्यांनी आधी कढईत डोकावावे.

आता आमचा कबुलीजबाब. तीस वर्षे गृहभेटींत प्रेमाने पुढे आलेली भजी आम्ही नाकारली नाहीत. आज रोज सकाळी गोळ्या घेतो. तेव्हा यापुढे आम्ही आलो असता घाणा काढू नका. मूठभर भाजलेले शेंगदाणे व गूळ पुरे.

आज पानात एकच तळलेला पदार्थ आहे, आणि तोही ताज्या तेलातला. सावकाश जेवा.