अ‍ॅनिमेशनचे उच्चशिक्षण : वावर विकण्यापूर्वी

(सोनाळा, जि. बुलढाणा येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या भाषणाची संहिता)



सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यात अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेम डिझाईन यांवर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडेल. कारण उघड आहे. पदवी हाती पडताच मुलगा किंवा मुलगी ‘आता हेच शिकायचे’ म्हणते आणि शहरातल्या खासगी संस्थेचे शुल्क ऐकून बाप कपाशीच्या वावराकडे पाहू लागतो. ते वावर विकायला काढण्यापूर्वी या विद्येचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

ही विद्या परकीय आहे, हा पहिला गैरसमज. दादासाहेब फाळके यांनी १९१२च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ या चिमुकल्या पटात दाखविली. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास त्यांनी याच पटाच्या बळावर मिळविला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी आगपेटीतल्या काड्या नाचविल्या; त्या पटाचे नावच ‘आगकाड्यांची मौज’. फाळके हे सारे कुठे शिकले? मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आत्मसात केले. जादूचे प्रयोगही ते ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने करीत. यंत्र त्यांच्या हाती शेवटी आले, नजर आधी तयार झाली होती.

आज क्रम उलटला आहे. आधी संगणक, आधी सॉफ्टवेअर, चित्र जमले तर जमले! सहा महिन्यांत ‘हमखास नोकरी’ देणाऱ्या जाहिराती याच उलट्या क्रमावर चालतात. त्यातून दृश्यपरिणामांच्या कारखान्यात पहिली पायरी मिळते खरी. चित्रणातील माणसाची कडा चौकटीमागून चौकट कापून काढायची, दोऱ्या आणि तारा पुसायच्या. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे दहा सेकंदांच्या दृश्यात दोनशे चाळीस. काम प्रामाणिक आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांत आधी हेच काम गिळू लागली आहे.

या उद्योगाचा दुसरा चेहराही पालकांनी पाहून ठेवावा. ‘लाईफ ऑफ पाय’मधील वाघ साकारणारी ‘रिदम अ‍ॅन्ड ह्यूज’ ही अमेरिकन कंपनी. तिची कार्यालये मुंबई आणि हैदराबादेतही होती. २०१३ साली त्या वाघासाठी तिला ऑस्कर मिळाले, पण त्याच्या काही दिवस आधीच तिने दिवाळखोरी जाहीर केली होती! २०२५च्या प्रारंभी ‘टेक्निकलर’ हा जुना समूह कोसळला, तेव्हा भारतातील हजारो तरुण कलावंतांची उपजीविका एकाएकी बंद पडली. बंगळूर, मुंबईत भाड्याच्या खोल्यांत राहणारी ही मुले होती.

मग पदव्युत्तर शिक्षण कशासाठी? पदरी असलेली कारागिरी आणि स्वतःची कल्पना यांतले अंतर ओलांडण्यासाठी. मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली सुरू झालेले ‘आयडीसी’ अ‍ॅनिमेशनमध्ये दोन वर्षांची एम.डेस. पदवी देते, अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत, अर्थात ‘एनआयडी’त, अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाईन आहे आणि तिच्याच बंगळूर केंद्रात गेम डिझाईन. आयडीसीची वाट ‘सीड’ या प्रवेश परीक्षेतून जाते. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी वा पदविका हवी, मग ती कला शाखेची असो, विज्ञानाची वा अभियांत्रिकीची. वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही. परीक्षेचा दुसरा भाग कागदावर पेन्सिलीने सोडवावा लागतो. तेथे महागडा संगणक उपयोगाचा नाही. नंतर स्वतःच्या कामाचा संग्रह आणि मुलाखत. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते. मराठीतून शिकलेल्या गुणी मुलांवर हा अन्याय आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. पण तोवर थांबून राहणे परवडणारे नाही, तेवढे इंग्रजी कमवावेच लागेल.

कल्पनेचे बळ नसले की काय होते, याचे उदाहरण रामायणाचेच आहे. युगो साको हे जपानी दिग्दर्शक पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी भारतात आले आणि रामकथेने भारावले. त्यांचा ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा पट १९९० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाला. सहदिग्दर्शक राम मोहन आपले, कथा आपली; तरी सुमारे एक लाख हस्तरेखित चित्रांचा तो डोंगर उभा राहिला जपानी निर्मात्याच्या हिमतीवर. भारतातील चित्रगृहांत तो मोठ्या प्रमाणावर पोचायला २०२५चा जानेवारी उजाडला.

चित्र बदलते आहे, हेही नमूद केले पाहिजे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या लहानशा चमूने २०२० साली ‘राजी’ हा गेम जगापुढे ठेवला. आधी लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी चमू हटला नाही. धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. तिचे दुवे छायाबाहुल्यांच्या खेळासारखे रंगविले आहेत, आणि दुर्गा, विष्णू ही दैवते तिच्या कथेत वावरतात. पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी तिला जागतिक नामांकन मिळाले.

आणि सोनाळ्याच्या मुलांनी संग्रहात काय भरावे? नखाएवढेही उसने नको. आयडीसीच्या तेव्हाच्या प्राध्यापिका नीना सबनानी यांनी भिल्ल चित्रकार शेरसिंग यांच्यासह ‘हम चित्र बनाते हैं’ हा पट केला. पाऊस पडेना, तेव्हा गावच्या बडव्याने भिंतींवर चित्रे काढायला सांगितले, ही भिल्लांची कथा त्यात आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथून हाकेच्या अंतरावर अंबाबरवाचे अरण्य आहे, कोरकू आणि भिलाला वस्त्या आहेत, गावात सोनाजी महाराजांची यात्रा भरते. यात्रेतल्या गर्दीत उभे राहून पंचवीस माणसांची चाल टिपावी : ओझे डोक्यावर असलेली बाई, मूल खांद्यावर घेतलेला बाप, काठी टेकणारे आजोबा. एकाच वहीच्या कोपऱ्यात एकाखाली एक पानावर ती चाल काढून पाने भराभर सोडून पाहावीत. म्हातारा चालू लागला, तर पुढचा अर्ज भरावा. वहीचा खर्च वीस रुपये आहे.