हजेरीपटावरची नावे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरते, तेव्हा बीड जिल्ह्यातील कित्येक गावांच्या हजेरीपटावर नावे तेवढी उरतात, मुले नसतात. ती आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील उसाच्या फडांवर गेलेली असतात. परततात ती गुढीपाडव्याच्या सुमारास. शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते. यावर ठरलेले उत्तर असे की, पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. मग शाळा आणि पालक यांच्या सहकार्याचा अर्थही एवढाच उरतो : शाळेने सांगावे आणि पालकांनी ऐकावे.

हा आरोप तपासून पाहिला पाहिजे. ऊसतोडीच्या धंद्यात माणूस मोजला जात नाही, 'कोयता' मोजला जातो. आणि कोयता म्हणजे सामान्यतः नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल या जोडीला मिळते आणि हंगामभर दोघांनी राबून ती फेडायची असते. कामावर खाडा पडला की पैसे कापले जातात. पहाटे आई फडात गेली की तान्ह्या भावंडाला सांभाळणार कोण? अर्थातच आठ-दहा वर्षांची बहीण. तिची शाळा सुटते ती अज्ञानामुळे नव्हे, मजुरीच्या हिशेबामुळे. कारखान्याच्या जमाखर्चात तोडणी आणि वाहतूक यांचा खर्च दिसतो. या मुलीचे बुडालेले सत्र कोणत्याच वहीत नोंदले जात नाही. म्हणूनच ते स्वस्त पडते.

गावाबरोबर शाळेतले दुपारचे जेवणही मागे राहते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत येते. ते हंगामात आले तर या मुलांची तपासणी होत नाही. तिकडे कोपीत ना धड पाणी, ना शौचालय. आणि अवतीभवती उसाच्या ट्रॅक्टरांची ये-जा. तेव्हा हजेरी, आरोग्य आणि सुरक्षितता हे तीन प्रश्न नाहीत. प्रश्न एकच आहे.

कायदा काय सांगतो? शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सक्तीचा अर्थच पालटला. मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि शिक्षणाची पूर्तता यांची सक्ती आता सरकारवर आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात.

परंतु ही समिती भर दुपारी बोलावली, तर मजूर बाईने सभेला यायचे की रोजगार बुडवायचा? अशा ठिकाणी पालकांच्या वाट्याला इतिवृत्तावरची सही किंवा अंगठा तेवढा येतो. त्याला सहकार्य म्हणणे ही थट्टा होय.

मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. कल्पना योग्यच आहे. मात्र मुकादमाची गाडी मंजुरीच्या कागदासाठी थांबत नाही. वसतिगृह महिनाभर उशिरा उघडले, तर मूल केव्हाच फडावर पोचलेले असते. दुसरी अडचण आईच्या मनातील आहे : वयात येणारी मुलगी पाच महिने कोणाच्या भरवशावर ठेवायची? या भीतीला मागासलेपणा म्हणू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचार उघडकीस आला, तेव्हा शहरातील आईबापही याच भीतीने रस्त्यावर उतरले होते. भीतीचे उत्तर उपदेशाने देता येत नाही. जबाबदार स्त्री अधीक्षिका, पक्की खोली, चालू दिवा आणि आईशी नियमित बोलण्याची सोय यांनीच ते देता येते.

तेव्हा कार्यकर्त्यांचे काम स्पष्ट आहे. दसऱ्यापूर्वी वस्तीवर रात्रीची सभा घ्यावी. शिक्षकांनी तेथे यावे. कोणते कुटुंब जाणार, कोणते मूल राहू शकेल, याची यादी आईच्या तोंडून करावी आणि वसतिगृहाची मागणी त्याच आठवड्यात पाठवावी. जी मुले जाणारच, त्यांची नावे फडाकडील साथींना कळवावी. त्यांनी कोप्या उभ्या राहताच मुलांना जवळच्या शाळेत दाखल करून घ्यावे. आणि तोडणीच्या दराचा करार होईल, तेव्हा फडावरील पाळणाघर ही दराइतकीच महत्त्वाची मागणी म्हणून पुढे आली पाहिजे. तान्ह्या बाळाची सोय झाल्याखेरीज थोरली बहीण शाळेत जाणार नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की, सरकारी तिजोरी शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामाने भरते आणि तिच्यातून शिक्षण मात्र वरच्या वर्गांना मिळते. साखरेच्या प्रत्येक पोत्यात आज कोणाचे बालपण जमा होते, हा त्याच हिशेबाचा पुढचा भाग आहे. शाळेने पालकांकडे सहकार्य जरूर मागावे. पण समाजाने आधी त्यांचे देणे चुकते करावे.