वरातीच्या घोडीचं पोट

लगीनसराई लागली, की गोंदिया, तिरोडा, आमगावच्या रस्त्यांवर रात्री सजवलेल्या घोड्या दिसतात. झूल, बँड, फटाके, सगळं असतं. चारा तेवढा नसतो. संध्याकाळी दाणा खाऊन निघालेली घोडी मध्यरात्रीपर्यंत उपाशीच नाचते.

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं. खाणं असो वा नसो. ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. त्यातून जठराच्या वरच्या भागाला बुळबुळीत थराचं संरक्षण नाही. घोडी उपाशीपोटी नाचली, धावली, की आम्ल वर उसळतं आणि तिथे व्रण पडतात.

मग घोडी चणे अर्धे टाकून देते, तंग आवळताना चावायला धावते, खाल्ल्यावर पोट दुखल्यासारखी करते. घोडीवाले म्हणतात, खोडीची झाली. मला तरी बऱ्याचदा व्रणांचीच शंका येते. खात्री मात्र जठरात दुर्बीण घालूनच होते.

आपल्याकडे धानाचं तणस मुबलक. पण नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या घोड्यांत व्रण जास्त आढळतात. तणसाच्या जोडीला धुऱ्यावरची हरळी, बरसीम, लसूणघास द्या. दाणा एका वेळी अर्ध्या किलोवर नको; दोन-तीनदा विभागून घाला. आणि लाखोळी तर घोड्याला दाखवूच नका. तिचा व्रणाशी संबंध नाही, पण ती सतत खाल्ली तर घोड्याचा कंठ लुळा पडतो, श्वास घरघरतो.

व्रणांवर औषध आहे: ओमेप्राझोल. किलोमागे 4 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, उपाशीपोटी, साधारण 28 दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. 300 किलोच्या घोडीला रोज 1,200 मिलिग्रॅम झालं, म्हणजे माणसाच्या 20 मिलिग्रॅमच्या 60 गोळ्या! तेव्हा मेडिकलमधली एखादी गोळी गुळात कुटून देण्यात अर्थ नाही. कुटल्यावर तर आम्लच ती नासवतं. लंगडण्यावरचं फेनिलब्युटाझोनही मनाने देऊ नका. ते स्वतःच जठर पोखरतं.

वरातीच्या अर्धा तास आधी पेंडीभर गवत टाका. गवताचा थर आम्लाला वर उसळू देत नाही. वेळ कुठून काढायचा म्हणाल, तर नवरदेवाचा फेटा बांधून होईपर्यंत घोडीचं निवांत खाऊन होतं.