शाळेतला शेजारधर्म

(सोलापूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



शिक्षण, युवक आणि संस्कृती या तीन विषयांत युरोपातली सरकारं एकमेकांशी कसं सहकार्य करतात, हा आजचा विषय. त्याचं सोलापूरला काय, असं कुणाच्या मनात आलं असेल तर त्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावं. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. भीमा ओलांडली की इंडी तालुका लागतो. तिथे बोली तीच, नातीगोती तीच; राज्य, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा मंडळ मात्र वेगळं. सरकारांनी एकमेकांशी बोलण्याची गरज जिथे रोज भासते, अशा गावांत आपण राहतो.

युरोपलाही हे एका दिवसात जमलेलं नाही. १९५७च्या रोमच्या करारात भर व्यापारावर होता, शालेय शिक्षणाला जवळजवळ जागाच नव्हती. शिक्षणमंत्री पहिल्यांदा एकत्र बसले ते १९७१मध्ये. सहकार्याचा पहिला कार्यक्रम १९७६चा आणि शिक्षण-संस्कृतीला करारात स्वतंत्र कलमं मिळाली ती १९९२च्या मास्ट्रिख्ट करारात. एवढा उशीर होण्याचं कारण आपल्याला चटकन समजेल. शाळेत काय शिकवायचं हा प्रत्येक देशाला जिव्हाळ्याचा प्रश्न वाटतो आणि तो दुसऱ्याच्या हाती द्यायला कुणीच तयार नसतं.

त्यातून त्यांनी काढलेली वाट मला फार मोलाची वाटते. अभ्यासक्रम, शिक्षणाची रचना, भाषा आणि संस्कृती यांवरचा अधिकार प्रत्येक देशाकडेच राहील, असं करारातच लिहून ठेवलं. युरोपीय संघाने मदत करावी, पैसा द्यावा, माणसं जोडून द्यावीत. सगळ्यांचे कायदे एकसारखे करायला लावण्याची मुभा त्याला नाही. आज २७ देशांचे मंत्री एका परिषदेत बसतात, २४ अधिकृत भाषांत कारभार चालतो आणि कुणाचीही शाळा दुसऱ्याच्या ताब्यात जात नाही. हक्क न सोडता हात देता येतो, हे त्यांनी करून दाखवलं.

यातलं सर्वांत कठीण काम फ्रान्स आणि जर्मनीचं होतं. महायुद्ध संपून अठराच वर्षं झाली होती. जानेवारी १९६३मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी मैत्रीकरारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी दोन्ही देशांचं संयुक्त युवक कार्यालय उभं राहिलं. त्याच्यामार्फत आजवर नव्वद लाखांहून अधिक तरुण एकमेकांच्या देशात जाऊन आले. करार चाळीस वर्षांचा झाला तेव्हा, २००३मध्ये, बर्लिनमध्ये दोन्ही देशांच्या तरुणांची युवा संसद भरली. आम्हाला इतिहासाचं एकच पुस्तक द्या, अशी मागणी त्या मुलांनी केली. २००६मध्ये त्याचा पहिला खंड आला. एक फ्रेंच आवृत्ती, एक जर्मन आवृत्ती, आशय दोन्हीकडे तोच. जिथे दोन देशांच्या दृष्टीत फरक आहे तिथे तो झाकला नाही, दोन्ही बाजू शेजारी-शेजारी मांडल्या. ज्या इतिहासापायी लाखो माणसं मेली, तोच इतिहास दोन्हीकडची मुलं एका पुस्तकातून शिकू शकली.

दुसरं उदाहरण विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या इरॅस्मस योजनेचं. १९८७मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. परदेशात काढलेल्या सत्राचे श्रेयांक आपल्या विद्यापीठाने मान्य करायचे, हा तिचा कणा. पुढे १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्याने पदव्यांची रचनाही परस्परांना समजेल अशी केली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि २०२०च्या अखेरीस या योजनेतूनही निघालं. राजकारण फिस्कटलं की पहिली झळ विद्यार्थ्याला लागते, हेही त्यातून दिसलं.

परक्या देशात राहिलेला एक तरुण काय करून जातो, हे सोलापूरला कुणी शिकवायला नको. आपले द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. पुढे दोन देशांत युद्ध झालं, तरी चीनने त्यांचं नाव पुसलं नाही.

आता आपल्याकडे येऊ. १९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा स्थापन केल्या. सीमातंटे आणि भाषिक अल्पसंख्याक हे विषय त्यांच्या कामात स्पष्ट नमूद आहेत. पण आज महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आहे; कर्नाटक आणि तेलंगण दक्षिण परिषदेत. म्हणजे सोलापूरचे दोन्ही भाषिक शेजारी दुसऱ्याच बैठकीत बसतात. 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. ओडिशाची ओळख जरूर व्हावी. पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची ओळख कोण करून देणार? संस्कृतीच्या बाबतीत चित्र थोडं बरं आहे. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण एकत्र आहेत. जे कलेला जमलं ते शाळेला का जमू नये?

पुस्तकांचंच पाहा. अक्कलकोटच्या कन्नड शाळेतल्या मुलीचं पुस्तक पुण्याची बालभारती काढते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मराठी शाळेतल्या मुलाचं पुस्तक कर्नाटक सरकार काढतं. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असं घटनेचं कलम ३५०अ राज्यांना सांगतं, आणि दोन्ही सरकारं एकमेकांच्या भाषेत पुस्तकं छापतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण कसदार कन्नड लिहिणारे बेंगळुरू-धारवाडला आहेत आणि कसदार मराठी लिहिणारे पुण्या-मुंबईत. ते एका टेबलाशी बसले तर दोन्ही पुस्तकं सुधारतील. शिक्षकांचंही तसंच. अक्कलकोटच्या कन्नड शिक्षकाचं भाषेचं प्रशिक्षण धारवाडला व्हावं, बेळगावच्या मराठी शिक्षकाचं कोल्हापूरला.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न सुटल्याशिवाय हे कसं होणार, असं कुणी विचारेल. बेळगावच्या मराठी माणसाची वेदना मी माझी मानतो. त्या मागणीतला एक शब्दही मागे घ्यावा असं मी म्हणत नाही. महाराष्ट्राने २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे, तो नेटाने लढावा. पण ते घोंगडं भिजत असताना पोरांच्या पिढ्या शाळा सोडून चालल्या आहेत. कृष्णेच्या पाण्यावरून भांडतानाच आपण १९६९मध्ये लवाद स्वीकारला आणि पाण्याच्या वाटपाचे नियम ठरवून घेतले. भीमेच्या पाण्याचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या सरकारांनी भीमाकाठच्या मुलांसाठीही एकत्र बसलं पाहिजे.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, १९५६च्या त्याच कायद्यात दोन विभागीय परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद आहे. पश्चिम आणि दक्षिण परिषदांनी ती वापरावी आणि सीमावर्ती जिल्ह्यांचं शिक्षण हा एकच विषय घेऊन बसावं.

दुसरी, सोलापूर, विजापूर आणि कलबुर्गी या भागाचं एक पूरक वाचनाचं पुस्तक मराठी, कन्नड आणि तेलुगूत काढावं, तिन्हीकडे पाठ तेच. पहिला पाठ सिद्धरामांचा असावा. बाराव्या शतकातल्या या सोलापूरच्या शिवयोग्याने वचनं रचली ती कन्नडमध्ये, आणि आज संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तेव्हा गर्दीत मराठी, कन्नड, तेलुगू सारेच असतात. शेवटचा पाठ १९५६च्या राज्य पुनर्रचनेचा असावा आणि त्यात महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची बाजू समोरासमोर छापावी. मुलांना दोन्ही वाचू द्या, वाद घालू द्या.

तिसरी मागणी आपल्या अगदी हातातली आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, विजापूरचं अक्कमहादेवी महिला विद्यापीठ आणि गुलबर्गा विद्यापीठ यांनी एका सत्राची देवाणघेवाण सुरू करावी. नव्या शैक्षणिक धोरणामुळे श्रेयांकांची बँक २०२१पासून आलेली आहे. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेण्याची सोय त्यात आहे. वस्त्रोद्योग शिकणाऱ्या आपल्या मुलाने इलकलच्या विणकरांचं काम जाऊन पाहावं, इतिहास शिकणाऱ्या मुलीने गोल घुमटाच्या सावलीत राहून आदिलशाही अभ्यासावी, आणि तिकडच्या मुलींनी इथे येऊन आपले यंत्रमाग आणि ब्रिटिश काळातला सोलापूरचा मार्शल लॉ समजून घ्यावा.

पहिल्या दोन मागण्यांसाठी आपल्याला मंत्र्यांपर्यंत जावं लागेल, आणि आपण जाऊ. तिसरीसाठी तीन विद्यापीठांनी ठरवलं की पुरतं. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठातून दहा विद्यार्थी गेले तरी चालतील. राहायची सोय आपल्या घरांतून करता येईल. या सभागृहात विद्यापीठाच्या अधिसभेचे कुणी सदस्य असतील तर त्यांनी हा ठराव येत्या बैठकीत मांडावा, आणि त्याला पाठबळ देणारं पत्र आपण सर्वांनी सह्या करून आजच त्यांच्या हाती द्यावं, एवढी विनंती करून मी थांबतो.