उघडे दार आणि उघडे दप्तर

(शतकमहोत्सवी व्याख्यानाचा गोषवारा)



शतकमहोत्सवी व्याख्यानासाठी मी कादंबरी वा कविता न निवडता ग्रामसभा हा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु सार्वजनिक ग्रंथालय आणि सार्वजनिक सभा या दोहोंच्या मुळाशी एकच श्रद्धा आहे, असे मी मानतो. जे सर्वांचे आहे, ते सर्वांना पाहता आले पाहिजे.

गोमंतकात सभेचा हक्क आयता मिळालेला नाही. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात बोलावयास उभे राहिले, तेव्हा पोर्तुगीज राजवटीत परवानगीवाचून सभा भरविणे हाच अपराध होता. १९६१ साली गोवा मुक्त झाला. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस राज्यघटनेत स्थान दिले आणि गावचा प्रत्येक मतदार तिचा सभासद ठरला. आता प्रश्न सभेत बसण्याचा नाही. तेथे बसल्यावर आपल्या हाती काय असते, हा आहे. अंदाजपत्रक घाईघाईने वाचले गेले आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ अशी नोंद पडली, तर दार उघडे असूनही दप्तर बंदच राहिले, असे म्हणावे लागेल.

हे दप्तर उघडण्याचा मार्ग राजस्थानातील कष्टकऱ्यांनी दाखविला. २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरविली. सरकारी कामांची हजेरीपत्रके तेथे मोठ्याने वाचली गेली. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनीही ऐकताक्षणी खोटे काय ते ओळखले. कारण कामावर कोण होते आणि कोण नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. कागद शासनाकडे होता, सत्य गावाकडे होते. दोन्ही एकत्र आली तेव्हा हिशेब लागला. पुढे १९९६ साली ब्यावर येथे धरणे धरले गेले. गोव्याने १९९७ मध्ये माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला, आणि २००५ मध्ये देशाचा कायदा आला.

या कायद्याचे चौथे कलम सभासदांनी अवश्य वाचावे. आपली मंडळे व समित्या यांच्या बैठका जनतेस खुल्या आहेत की नाहीत, त्यांची इतिवृत्ते पाहावयास मिळतात की नाहीत, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता जाहीर केले पाहिजे, असे ते सांगते. हे कलम बंद दार स्वतः उघडीत नाही. परंतु दार बंद आहे, हे संबंधितांना लेखी सांगावयास लावते.

खुल्या बैठकीत गोंधळ माजतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण माहिती नसलेल्या माणसाला आवाज चढविण्यावाचून दुसरे काय करता येते? कागद आठवडाभर आधी हाती आले, तर आरडाओरड्याची जागा प्रश्न घेतील.

आपल्या राज्यातील २०११ च्या प्रादेशिक आराखड्याची हकिकत आपणांस आठवत असेल. २००६ साली तो अधिसूचित झाला. नागरिकांनी नकाशे पाहून आपली शेते, डोंगर आणि राने कोणत्या रंगात गेली आहेत हे गावोगाव समजावून दिले, तेव्हा लोक जागे झाले आणि २००७ साली शासनास आराखडा मागे घ्यावा लागला. नकाशा वाचणारे कोणी भेटले नसते तर? कापलेला डोंगर कोणत्याही ठरावाने पुन्हा उभा राहत नाही.

म्हणून या ग्रंथालयास माझी एक विनंती आहे. त्याच चौथ्या कलमात, नागरिकांना माहिती मिळण्याच्या सोयी सांगताना, ग्रंथालय आणि वाचनकक्ष यांच्या वेळांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या वाचनालयात वृत्तपत्रांशेजारी एक मेज पंचायतीसाठी राखावे. त्यावर आगामी सभेची विषयपत्रिका, मागील इतिवृत्त, अंदाजपत्रक आणि गावाचा नकाशा ठेवावा. ग्रामसभेपूर्वी एका संध्याकाळी जाणत्या सभासदांनी ते कागद मराठीतून, कोकणीतून समजावून सांगावेत. यात कोणत्याही पक्षाची बाजू घ्यावी लागत नाही. शंभर वर्षे आपण लोकांना ग्रंथ वाचावयास दिले. आता त्यांच्याच गावाचे कागद त्यांच्या हाती द्यावेत.